लहरी कुणाच्या, रेंज कुणाला?

मोबाईलच्या लहरी, त्यांचे लिलाव आणि गावातली रेंज याविषयी काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं बरीच आली. बहुतेक बीड, परभणी, लातूर, नांदेडची. मी नोकरीभर दूरसंचारातच होते. टॉवर कुठे उभा करायचा, कुठल्या टॉवरला कुठली फ्रिक्वेन्सी द्यायची, हे माझं काम होतं. आता निवृत्त होऊन अंबाजोगाईत राहते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, २०२२ चा स्पेक्ट्रमचा लिलाव दीड लाख कोटींना गेला, हे मी मुलांना सामान्य ज्ञानात शिकवतो. पण वस्तीवरच्या आमच्या शाळेतून हजेरी ऑनलाइन भरायची तर मला मंदिरामागच्या टेकाडावर जावं लागतं. टेकाडावरून टॉवर दिसतो, शाळेतून दिसत नाही. एवढे पैसे मोजून कंपन्यांनी घेतलं तरी काय?
— एक शिक्षक, ता. पाटोदा, जि. बीड

उत्तर : गुरुजी, आकडा बरोबर शिकवताय. १,५०,१७३ कोटी. विक्रीला ७२,०९८ मेगाहर्ट्झ होते, विकले गेले ५१,२३६. पण मुलांना त्याच्यापुढचा एक आकडाही सांगा. त्या ५१,२३६ मध्ये ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले होते फक्त २२०. देशातल्या २२ सर्कलमध्ये, म्हणजे सेवेसाठी पाडलेल्या विभागांमध्ये, प्रत्येकी १०, तेही एकाच कंपनीने घेतलेले. बाकी मोठा वाटा ३३०० मेगाहर्ट्झ आणि २६ गिगाहर्ट्झ या वरच्या पट्ट्यांचा.

तुमच्या शाळेची अडचण याच फरकात आहे. ७०० च्या लहरीची लांबी साधारण ४३ सेंटिमीटर, ३३०० ची ९ सेंटिमीटर, २६ गिगाहर्ट्झची सव्वा सेंटिमीटरहूनही कमी. लांब लहर टेकाडाच्या कडेवरून थोडी वाकून पलीकडच्या खळग्यात उतरते, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येते. आखूड लहर अडली की अडली. अगदी मोकळ्या माळावरसुद्धा, बाकी सगळं सारखं धरलं तर, ३३०० ची घट ७०० च्या मानाने सुमारे २२ पट जास्त. बालाघाटाच्या रांगेत वस्त्या खळग्यात आणि टॉवर रस्त्याच्या कडेला. तिथे वरचा पट्टा कामाचा नाही.

वरचे पट्टे वाईट आहेत असं मात्र नाही. ३३०० मध्ये कंपनीला सलग १०० मेगाहर्ट्झसुद्धा मिळू शकतात. लातूरच्या शिकवणीच्या भागात हजारो मुलं एकाच वेळी व्हिडिओ बघतात, तिथे ७०० चे १० मेगाहर्ट्झ किती पुरणार? गर्दीला वरचा पट्टा लागतो, अंतराला खालचा. आपल्याकडे बहुतेक तालुक्यांत अडचण अंतराची आहे.

आता मला ज्याची खरी चीड येते ते सांगते. ७०० चा पट्टा लिलावात पहिल्यांदा आला २०१६ मध्ये. देशभरासाठी राखीव किंमत, म्हणजे कमीत कमी बोली, ठेवली दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी. एकाही कंपनीने बोली लावली नाही. मार्च २०२१ मध्ये पुन्हा ठेवला, पुन्हा तसाच राहिला. २०२२ मध्ये किंमत ३,९२७ कोटींवर आणली, तेव्हा कुठे एक गिऱ्हाईक मिळालं. मधली सहा वर्षं खेड्यापाड्याला सगळ्यात उपयोगी पट्टा पडून होता. त्याच काळात करोना आला, शाळा मोबाईलवर गेल्या, आणि तुमच्यासारखे शिक्षक मुलांना घेऊन टेकाडावर बसले. लहर साठवून ठेवता येत नाही. आज वापरली नाही तर आजची गेलीच. खजिन्यात जास्त पैसे यावेत म्हणून किंमत चढी ठेवली, म्हणजे त्या वर्षांत पैसेही नाही आले आणि सेवाही नाही. हा हिशेब मला कधीच पटला नाही.

तुम्हाला करता येण्यासारखं एक काम आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' आणि त्यात 'सिमची स्थिती' बघा. तिथे सिग्नल उणे आकड्यात, डीबीएममध्ये दिसतो. ४जी वर उणे ८५-९० असेल तर उत्तम, उणे १०५ च्या खाली गेलं की फॉर्म अडकायला लागतो, उणे ११५ च्या पलीकडे काही भरवसा नाही. वर्गात, ओट्यावर आणि टेकाडावर, तिन्ही ठिकाणी, दोन कंपन्यांच्या सिमवर आकडे लिहून काढा. 'रेंज येत नाही' अशा अर्जाला कुणी दाद देत नाही. 'वर्गात उणे ११८, टेकाडावर उणे ९२' असं लिहिलं की समोरच्या अभियंत्याला मधला चढ लगेच कळतो.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'स्पेक्ट्रमचे पुनर्वाटप' एका ओळीत उरकलंय. प्रत्यक्षात लहरी एकाकडून दुसऱ्याकडे कशा जातात?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : तीन वाटांनी. तुला उदाहरणांनी सांगते, पाठ करू नकोस.

पहिली वाट, एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे. खुलताबादजवळ म्हैसमाळला दूरदर्शनचा मनोरा आहे, आमच्या अंबाजोगाईलाही आहे. छतावरचा अँटिना फिरवून चित्र धरायचे ते दिवस तुझ्या आईला आठवत असतील. टीव्हीसाठी जगभर जे पट्टे राखलेले होते, त्यांचा वरचा भाग, ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झ, डिजिटल तंत्रामुळे मोकळा करता येण्यासारखा झाला. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत तो मोबाईलसाठी निश्चित झाला. वर गुरुजींना सांगितलेला ७०० तो हाच. या परिषदा तीन-चार वर्षांनी भरतात, मागची २०२३ च्या अखेरीस दुबईत झाली. कुठला पट्टा कशाला, हे तिथे ठरतं. मग आपल्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी, म्हणजे लहरींचं नियोजन करणारी शाखा देशाचा तक्ता त्यानुसार बदलते.

दुसरी वाट, सरकारी खात्याकडून मोबाईलकडे. लष्कराकडे बरेच पट्टे होते. ते सोडायचे तर त्यांचं दळणवळण चालायला हवं, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचं जाळं टाकायचं काम बीएसएनएलला दिलं. म्हणजे लहर मोकळी करण्याची किंमत जमिनीत केबल पुरून द्यावी लागली. पुस्तकात हे नसतं, पण पुनर्वाटपातला खरा खर्च आणि खरा वेळ इथेच जातो.

तिसरी वाट मला सगळ्यात जवळची. पट्टा तोच, कंपनीही बहुधा तीच, पण तंत्र बदलायचं. ९०० च्या पट्ट्याचे पहिले परवाने १९९४-९५ चे, मुदत पुढे वाढून २० वर्षांची झालेले. मुदत संपल्यावर २०१४ आणि २०१५ मध्ये त्या लहरी लिलावात आल्या, आणि आता त्यावर कुठलंही तंत्र चालवा अशी मुभा मिळाली. समज, कंपनीकडे जाण्याचे ५ आणि येण्याचे ५ मेगाहर्ट्झ आहेत. २जी चं एक चॅनेल २०० किलोहर्ट्झचं, म्हणजे त्यात २५ चॅनेल बसतात. तेवढ्याच जागेत ४जी चा एक सलग पट्टा बसतो. आधी २जी आवळून थोड्या चॅनेलवर आणायचं, मग सलग जागा मोकळी करायची, मग तिथे ४जी सोडायचं. हे काम रात्री करायचं, कारण तेव्हा बोलणी कमी. आम्ही अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर जीपमध्ये लॅपटॉप आणि चार हँडसेट घेऊन मध्यरात्रीनंतर निघायचो. रेणापूरच्या अलीकडे एखाद्या वळणावर दोन टॉवरना चुकून एकच चॅनेल गेलेलं असलं की फोनमध्ये आवाज तुटायचा. तिथेच थांबून कंट्रोल रूमला नंबर कळवायचा, तो बदलायचा, पुन्हा त्याच वळणावरून जायचं. उजाडेपर्यंत असं चालायचं. सकाळी लोक उठून फोन लावायचे आणि रात्री त्यांच्या डोक्यावरच्या लहरी बदलल्यात हे कुणाच्या गावीही नसायचं. तेच आमचं यश.

प्रश्न : दुकानात रेंज नाही म्हणून ऑनलाइन मागवून बूस्टर बसवला. माझं काम मस्त झालं, पण शेजारचे म्हणतात तुझ्यामुळं आमची रेंज गेली. असं होतं का?
— एक दुकानदार, केज

उत्तर : होतं. शेजारी खरं बोलतायत. तसला बूस्टर तुमच्या फोनचा आवाज वाढवताना सोबत कचराही वाढवून टॉवरकडे सोडतो, आणि लांबच्या लोकांचे मंद सिग्नल टॉवरला त्या गोंधळात ऐकू येत नाहीत. पूर्ण मोहल्ल्याचे फोन तुटतात. विनापरवाना बूस्टर बाळगणं आणि चालवणं बेकायदेशीर आहे. आजच काढा. दुकानात ब्रॉडबँडची वायर येत असेल तर फोनमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू करा. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या ताकदीच्या आत सगळ्यांना विनापरवाना खुला आहे.

प्रश्न : विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवलाय. रात्री दोनला लाईट आली की घरून फोन लावून मोटर चालू करतो. आता म्हणतात 2जी बंद करून त्या लहरी नेटला देणार. मग आम्ही पुन्हा अंधारात, साप-इच्चूत जायचं का ताई?
— एक शेतकरी, ता. मानवत, जि. परभणी

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पुनर्वाटपाच्या चर्चेत तुमच्यासारख्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो, आणि तो आधी व्हायला पाहिजे.

स्टार्टरच्या डब्यात एक छोटं सर्किट असतं, त्यात सिम. डब्यावरच्या किंवा आतल्या चिकटपट्टीवर 'जीएसएम ९००/१८००' एवढंच लिहिलेलं असेल तर ते फक्त २जी ओळखतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओकडे पहिल्यापासून २जी नाहीच, म्हणून त्यांचं सिम तुमच्या स्टार्टरमध्ये चालणार नाही. ज्यांच्याकडे २जी आहे त्या कंपन्या हळूहळू त्याचे चॅनेल कमी करून ४जी ला देतायत. अचानक स्टार्टर उचलेनासा होतो, दिवसा लागतो रात्री लागत नाही, असं व्हायला लागलं तर मोटरला दोष देण्याआधी हे तपासा. ३जी तर खासगी कंपन्यांनी मोठ्या प्रमाणात आधीच गुंडाळलंय.

कुठल्या लहरीवर कुठलं तंत्र चालवायचं हे कंपनी ठरवू शकते, कायद्याने तशी मोकळीक आहे. ती असावी, मी तिच्या विरोधात नाही, कारण तेवढ्याच लहरीत ४जी खूप जास्त लोकांना पुरतं. पण २जी काढताना त्या टॉवरखाली किती स्टार्टर, किती साधे बटणांचे फोन आहेत हे कंपनीला तिच्या यंत्रणेत दिसतं. कुठलं यंत्र कुठलं तंत्र वापरतं याची नोंद तिच्याकडे असते. मग बंद करण्याआधी त्या प्रत्येक सिमवर मराठीत मेसेज आणि तालुक्याच्या बाजारात जाहीर सूचना, किमान सहा महिने आधी, अशी अट सरकारने घालावी. ही मागणी अवघड नाही.

तोवर तुम्ही एवढं करा. नवीन घ्यायचा झाला तर '४जी' लिहिलेला आणि सोबत २जी वरही चालणारा स्टार्टर घ्या. फोन लावून बटण दाबायच्या प्रकारचा असेल तर दुकानदाराला विचारा, 'यात व्होल्टी, म्हणजे ४जी वरून बोलायची सोय, आहे का?' नसेल तर २जी गेल्यावर ४जी सिमवर नेट चालेल पण फोन लागणार नाही. आणि अँटिना लोखंडी पेटीच्या आत असेल तर वायर लांबवून तो बाहेर, वर लावा. पेटीच्या पत्र्याने सिग्नल अडतो. जुन्या स्टार्टरलासुद्धा एवढ्याने बराच फरक पडेल.

प्रश्न : लहरी सरकारच्या की कंपनीच्या? आमच्या गावात एकाही कंपनीचं नेट नीट चालत नाही. रेशनची ई-पॉस मशीन घेऊन दुकानदार पाण्याच्या टाकीवर चढतो, मागं म्हाताऱ्या बायका अंगठा द्यायला रांगेत. ग्रामपंचायत म्हणून आम्ही काय करू शकतो?
— एक सरपंच, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : कंपनीच्या नाहीत. आणि सरकारच्याही तशा नाहीत, लोकांच्या आहेत. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत आणि न्या. जीवन रेड्डी यांनी लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निवाडा दिला. २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने 'आधी येईल त्याला' पद्धतीने वाटलेले १२२ परवाने रद्द केले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या चौथ्या कलमातही केंद्र सरकार लोकांच्या वतीने स्पेक्ट्रमचं मालक आहे असं स्पष्ट लिहिलंय. कंपनी मुदतीपुरती वापरकर्ती. तुम्ही लाभ मागायला जात नाही, हिशेब मागायला जाताय.

मग हिशेब बसत का नाही? कारण तो सर्कलचा आहे. मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. पुणे, नाशिक, पणजी आणि तुमचं गाव एकाच खात्यात. जुन्या परवान्यांत अट होती ती तीन वर्षांत निम्म्या जिल्हा मुख्यालयांची. मुख्यालयाऐवजी जिल्ह्यातलं दुसरं शहरही चाले. आणि 'सेवा दिली' म्हणजे काय, तर नगरपालिकेच्या हद्दीतला ९० टक्के भाग. हद्दीच्या बाहेर काही नाही. नंतरच्या लिलावांत अट तालुक्याच्या ठिकाणांपर्यंत आली, तीही ठरावीक टक्क्यांपुरती. त्यामुळे औसा शहरात पाच दांड्या रेंज आणि तुमच्या गावात शून्य, तरी कागदावर कंपनी निर्दोष. जायकवाडीच्या कालव्यावर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं जे होतं तेच हे. पाणी सुटल्याची नोंद होते, पण टेलला पोचलं का हे कुणी मोजत नाही.

मी इतकी वर्षं हेच सांगत आले आणि पुन्हा सांगते. लहरींचं नवं वाटप किंवा फेरवाटप करताना अट तालुकानिहाय आणि गावनिहाय हवी. विशेषतः ७०० आणि ९०० या खालच्या पट्ट्यांसाठी. ज्या तालुक्यात कंपनीने पट्टा वापरलाच नाही तिथे तो दुसऱ्याला, बीएसएनएलला किंवा तयार असलेल्या कुणालाही, वापरायला मिळावा. याला कायद्यात आधार आहे. त्याच २०२३ च्या कायद्याच्या सातव्या कलमानुसार पुरेशा कारणाशिवाय न वापरलेला स्पेक्ट्रम सरकार परत घेऊ शकतं. हे कलम जुलै २०२४ मध्ये लागू झालं. लहरी एकमेकांशी वाटून वापरायची किंवा विकायची परवानगी तर २०१५ पासूनच आहे. थोडा कंपनीला किंमतीत दिलासा द्या, पण बदल्यात टेलचं गाव घ्या.

ग्रामपंचायतीचं काम. एक, ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर सेवेचा नकाशा टाकावा लागतो. त्यावर तुमचं गाव शोधा. आमच्या शेजारचं एक गाव एका कंपनीच्या नकाशावर पूर्ण रंगवलेलं आहे, तिथे घरात फोन लागत नाही. अशा रंगवलेल्या गावांची तक्रार सगळ्यात जोरकस होते. नकाशाचा फोटो आणि गुरुजींना सांगितल्याप्रमाणे डीबीएमचे आकडे शेजारी शेजारी लावा. दोन, 'तरंग संचार' या सरकारी पोर्टलवर जवळचा टॉवर कुठे आहे, कुठल्या कंपन्या त्यावर कुठलं तंत्र चालवतात ते बघा. पुष्कळदा टॉवर असतो, एकच कंपनी असते. मग नवा टॉवर मागू नका, आहे त्यावर दुसऱ्या कंपनीने यावं असं मागा. ते स्वस्त आणि लवकर होतं. तीन, हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात घ्या, आणि ठराव दूरसंचार विभागाकडे, केंद्राच्या तक्रार पोर्टलवर आणि खासदारांकडे एकाच दिवशी पाठवा. ई-पॉसची अडचण त्यात जरूर लिहा, तहसीलदारांची सही असली तर उत्तम.

आणि चौथी गोष्ट तुमच्या हातातली. टॉवरला जागा मागायला कुणी आलं तर 'किरणोत्सर्गाने कॅन्सर होतो' म्हणून गावात विरोध उभा राहतो. आपल्याकडची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. मोजणी करून घेता येते, त्याचा अर्जही तरंग संचारवरच करतात. गावकऱ्यांना मोजून दाखवा, पण अफवेवर टॉवर परत पाठवू नका. तो पुन्हा येईलच असं नाही.

प्रश्न : आमचं गाव जंगलात. आता उपग्रहावरून नेट येणार म्हणतात, तर टॉवरची वाट बघणं सोडावं का?
— एक वाचक, ता. किनवट, जि. नांदेड

उत्तर : सोडू नका. उपग्रह सेवेच्या लहरी लिलावाने नाही, प्रशासकीय पद्धतीने द्यायच्या असं २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि कंपन्यांना परवानेही मिळालेत. पण त्याला छतावर तबकडी लागते, वर उघडं आकाश लागतं, आणि ते एका घराचं किंवा शाळेचं कनेक्शन होतं. शेतात, रस्त्यावर खिशातला साधा फोन त्यावर चालेल असं धरून चालू नका. किनवटसारख्या भागासाठी २०२२ मध्ये केंद्राने सेवा नसलेल्या २४,६८० गावांना ४जी द्यायची योजना मंजूर केली, २६,३१६ कोटींची, काम बीएसएनएलकडे. त्या यादीत तुमचं गाव आहे का, हे आधी बीएसएनएलच्या नांदेड कार्यालयात लेखी विचारा. दुसरं, ग्रामपंचायतीत भारतनेट या सरकारी योजनेची फायबर आली असेल तर तिची पांढरी पेटी कपाटात बंद आहे की चालू, हे स्वतः जाऊन बघा. बंद असेल तर तीच आधी चालू करून घ्या. वायर आलेली असेल तर शाळा, दवाखाना आणि रेशन दुकान यांना कुठल्याच लहरीची वाट बघावी लागणार नाही.